लग्नापुरतं इंजिन

६ जून १९९३, रविवार

कारखान्यात चाळीस वर्षं एक सवय होती. इंजिन उघडलं की वहीत लिहायचं: कधी उघडलं, काय सापडलं, काय केलं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, लिहिण्यासारखं काही उघडलंच नाही. आज उघडलं, म्हणून मुलीची, यामिल्काची, शाळेतली एक कोरी वही शोधून काढली.

दुपारी जेवताना पोरगी म्हणाली, "बाबा, आम्ही एकतीस जुलैला लग्न करतोय." घास तोंडातच राहिला. आम्ही म्हणजे ती आणि ओस्निएल. हा ओस्निएल बोटींच्या यार्डात वेल्डिंग करतो. मुलगा वाईट नाही, हात चांगला आहे, फक्त प्रश्न फार विचारतो.

"आणि मला आपल्या प्लिमथ गाडीतून जायचंय."

"झोराइदाच्या भावाची रशियन लाडा आहे की," मी मुद्दाम म्हणालो.

"लाडातून? दवाखान्यात जायला मागून नेतात ती गाडी. मी काय ऑपरेशनला चाललेय?"

मी हसलो, पण मनातून असा फुगलो की भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. झोराइदा आमची शेजारीण. गल्लीच्या कमिटीची अध्यक्ष. कोणाच्या घरी काय शिजलं, कोण आलं, किती वेळ बसलं, सगळं तिला माहीत असतं आणि तिच्याकडून वर सरकारकडे जातं. तिच्या भावाची गाडी माझ्या दारात उभी करण्यापेक्षा मी मुलीला खांद्यावर बसवून नेली असती.

शेड उघडली. गाडी १९५१ची, हिरवी, वडिलांनी घेतलेली. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, इथे उभी केली. तेव्हाच एका कोळ्याने आठ दिवसांसाठी म्हणून इंजिनाचे सहाही स्पार्क प्लग मागून नेले. मी प्लगच्या भोकांत दाणे काढलेली मक्याची कणसं ठोकून ठेवली. कोळ्याने प्लग आणून दिले नाहीत आणि कणसं उंदरांनी खाल्ली. तीन वर्षं समुद्राची हवा थेट आत. मी, एवेलिओ बेर्मूदेस, ज्याला अख्खं कायबारिएन मेलेली इंजिनं उठवणारा म्हणतं, त्याच्या स्वतःच्या शेडमध्ये हा प्रकार.

इंजिनाच्या चक्राच्या, फ्लायव्हीलच्या, दातांत टॉमीचा लोखंडी दांडा अडकवून जोर लावला. ढिम्म. इंजिन पार जाम.

९ जून, बुधवार

हेड उतरवलं. तीन आणि चार नंबरचे पिस्टन गंजून सिलिंडरला धरलेत, बाकीचे ठीक. रॉकेलमध्ये थोडं ब्रेकचं तेल मिसळून सहाही सिलिंडर भरले. आता वाट बघायची. जाम इंजिनाला घाई चालत नाही. जोर केला की पिस्टन फुटतो नाहीतर रॉड वाकतो. लोक गाडीला दोर बांधून बैल लावतात आणि मग माझ्याकडे रडत येतात.

ओस्निएल आला, वाकून बघत राहिला.

"मेस्त्री, ह्याला गार करायला खारं पाणी वापरलं तर?"

"अरे बाबा, खाऱ्या हवेने ही गत झालीय, पाणी कशाला हवं तुला?"

"नाही, समजा. किती दिवस टिकेल?"

"दिवस टिकेल. आठवडाभर टिकेल. मग आतून खाऊन टाकेल."

तो मान हलवत राहिला. आजकालच्या पोरांना लोखंडाची काळजी कुठे असते. मला बरं वाटलं.

१४ जून, सोमवार

तेल थोडं खाली उतरलंय. पुन्हा भरलं. हातोडा घेतला नाही.

यामिल्का हल्ली पहाटे उठून पोहायला जाते. तेविसाव्या वर्षात पडली आणि आता पोहायचं सुचलंय. म्हणते, लग्नाच्या झग्यात बारीक दिसायला हवं. एवढ्याशा रेशनवर आधीच काडी झालीय, आणखी किती बारीक होणार? मी ओरडलो, तर हसून गळ्यात पडली.

२२ जून, मंगळवार

ओस्निएलने आज मला भंडावून सोडलं. इंजिन एका बाजूला कललं तर ऑइल वर चढेल का? सलग किती तास चालेल? धुराचा पाइप खाली न नेता वर नेला तर चालेल का?

"लेका, लग्नाला जायचंय की डोंगर चढायचाय?"

"हनिमूनला डोंगरातच जाऊ म्हणतो, मेस्त्री."

त्याच्या सायकलला दोन रिकामे पिंप बांधलेले होते. काकाच्या घरी पाण्याची टंचाई आहे म्हणे. गेल्या आठवड्यातही दोन नेले होते. पाणी साठवावं तर ह्या काकाने.

झोराइदा कुंपणावरून म्हणाली, "एवेलिओ, तुझा जावई फार राबतोय."

"तुझ्या वहीत लिहून ठेव," मी म्हणालो.

ती नेहमीसारखी उलटून बोलली नाही. सायकलवरच्या पिंपांकडे बघत राहिली. ह्या बाईचं गप्प राहणं मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त छळतं.

३० जून, बुधवार

समुद्रकाठच्या कठड्यापाशी गर्दी होती. रात्री देश सोडून जाणाऱ्यांचा एक तराफा वाहून आलाय. ट्रकच्या ट्यूबा, वर फळ्या, तारेने बांधलेल्या. माणूस कोणी नाही. एका फळीला ॲल्युमिनियमचं पातेलं बांधलेलं होतं, झाकणासकट. किनाऱ्याच्या चौकीवरच्या शिपायाने झाकण उघडलं, आत साखरेचं पाणी, अर्धं उरलेलं. सगळे एकदम बाजूला झाले.

घरी येऊन यामिल्काला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "फळ्या कशाने बांधल्या होत्या?" काय विचारावं ह्या पोरीने! "तारेने," मी म्हणालो. "वेल्डिंग नव्हतं?" "फळीला कोण वेल्डिंग करतं गं?" मग ती उठून मागे गेली आणि बराच वेळ आली नाही.

मला माहीत आहे तिच्या मनात काय आलं असेल. तिची आई १९८०मध्ये अशीच गेली, बोटीतून, तिकडे अमेरिकेत. पोर नऊ वर्षांची होती. मी म्हटलं होतं, जायचं तर एकटी जा, मुलगी मिळणार नाही. नेरेइदा एकटी गेली. तेव्हापासून ह्या घरात तिचं नाव नाही आणि तिकडचा विषय नाही. पत्रं येतात, यामिल्का वाचते, मी विचारत नाही. त्यामुळेच घर शांत राहिलंय.

४ जुलै, रविवार

आज हललं!

सकाळी लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवून हलके ठोके दिले. आधी तीन नंबर. मग ओस्निएलला टॉमीवर उभा केला, म्हटलं, एक बोट पुढे, एक बोट मागे, दम धर. तासाभराने चार नंबरमधून कर्र असा आवाज आला आणि फ्लायव्हील दोन दात फिरला. मग पाच. दुपारपर्यंत पूर्ण चक्कर.

ओस्निएल रडला. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी. यामिल्का धावत आली, माझे तेलकट हात धरून तिने त्यांचे मुके घेतले. इंजिन फिरलं म्हणून लेक हाताचे मुके घेते, असं सुख किती बापांच्या वाट्याला येतं?

कोपऱ्यावर डॉमिनो खेळणाऱ्यांच्या टेबलावर सांगून टाकलं. "बेर्मूदेसने उठवलं!" म्हणून त्यांनी रम पाजली.

११ जुलै, रविवार

ओस्निएलने यार्डातून प्लग आणले. बाटलीतून पेट्रोल सोडून सुरू केलं. तिसऱ्या झटक्यात धरलं. गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत होती, झोराइदासुद्धा दारात उभी.

पण मला ऐकू आलं. खालून, चार नंबरपासून. टक, टक, टक. कोणालाच कळलं नाही, यंत्राचे कान एकट्या माझ्याकडे आहेत. मी लगेच बंद केलं. म्हटलं, पहिल्यांदा जास्त चालवू नये.

१३ जुलै, मंगळवार

ओस्निएल कामावर, यामिल्का शाळेत शिकवायला. एकट्याने खालून ऑइलचं चेंबर उघडलं. चार नंबरच्या रॉडमधली बेअरिंगची वाटी फाटलेली, धातू पार उडालेला. क्रँकवर गंजाचे खड्डे. नवी वाटी कुठून आणू? अशा अमेरिकन वाट्या क्युबात तेहतीस वर्षांत आलेल्या नाहीत. धातू ओतून बनवायची तर भट्टी फक्त कारखान्यात, आणि ती वर्षभर थंड पडलीय.

चेंबर परत बसवलं. कोणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी झोराइदा आली. "भावाला विचारून ठेवू का लाडाचं? वेळेला असू दे."

"गरज नाही," मी म्हणालो.

१५ जुलै, गुरुवार

केलं.

माझा कमरेचा पट्टा कापला. चांगलं जाड बैलाचं कातडं, लष्करात असल्यापासूनचं. वाटीच्या मापाची पट्टी काढली, कडा तासल्या, डुकराच्या चरबीत रात्रभर भिजवली आणि वाटीच्या जागी बसवून बोल्ट आवळले. शेतातला ट्रॅक्टर बंद पडला की असं करून घरापर्यंत आणतात, मी कारखान्यात दहा वेळा केलंय. सुरू करून पाहिलं. गप्प! टकटक नाही. शिवणयंत्रासारखं चाललं.

लिहून ठेवतो, सवयीप्रमाणे: कातडं म्हणजे तात्पुरतं. इंजिन गार असताना, हळू, पाय न दाबता, दोन-तीन किलोमीटर. घर ते लग्नाचं ऑफिस, तिथून समुद्रकाठची एक फेरी, परत घर. एवढं पुरे. पुढे गरम होऊन कातडं करपलं की रॉड मोकळा होईल आणि इंजिनाची बाजू फोडून बाहेर येईल. पण पुढे जायचंय कोणाला? पेट्रोलच नाही.

यामिल्काने विचारलं, "बाबा, पँटला सुतळी का बांधलीस?"

"पट्टा देऊन चरबी आणली," मी म्हणालो. अर्धं तर खरंच होतं.

१८ जुलै, रविवार

आज ओस्निएलने गाडीचा आवाज ऐकला. बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभा होता, डॉक्टर पोटावर ठेवतो तसा. मग यामिल्काकडे बघून माझ्याकडे वळला.

"मेस्त्री, खरं सांगा. किती चालेल?"

ती पण बघत होती. तेव्हा सांगता आलं असतं. जीभ उचलली पण होती. पण काय सांगू? चाळीस वर्षांचा मेस्त्री, मुलीच्या लग्नाला कमरेचा पट्टा घालून इंजिन चालवतोय? हा पोरगा यार्डात सांगणार, यार्डातून डॉमिनोच्या टेबलावर, तिथून झोराइदाकडे.

"हवानाला जा आणि परत ये," मी म्हणालो. "वाटेत थांबलं तर माझं नाव बदल."

"पूर्ण जोरात? तासन्‌तास?"

"अरे, माझ्या हातचं आहे!"

दोघं एकमेकांकडे बघून हसली. ओस्निएलने मला मिठी मारली. लग्नाआधी मुलगे असेच असतात.

२४ जुलै, शनिवार

सरकारकडून लग्नाच्या वाट्याचे बिअरचे क्रेट मिळाले. ह्या वर्षी अर्धी लग्नं त्या बिअरसाठीच होतात. आमच्या येड्यांनी सगळी बिअर देऊन पेट्रोल आणलं. चाळीस लिटर! तीन किलोमीटरला चाळीस लिटर! पाहुणे काय पेट्रोल पिणार? मी भडकलो. ओस्निएल म्हणाला, "मेस्त्री, उरलेलं तुम्हाला."

त्याने इंजिन गाडीला धरून ठेवणारे बूडबोल्ट बदलले, एका पान्यात सुटतील असे. लग्नानंतर क्लच बघायचाय, इंजिन उतरवायला सोपं पडेल म्हणतो. मला काही न विचारता केलं, ते आवडलं नाही. पण काम नीट होतं.

यामिल्का पाव कापून उन्हात वाळवते आहे. पोतंभर झालेत. माझे सगळे सदरे शिवून ठेवले, बटणं लावली, रक्तदाबाच्या गोळ्या डब्यांत घालून डब्यांवर वार लिहिले. म्हटलं, "अगं, तू चार गल्ल्या सोडून राहायला चाललीस." ती म्हणाली, "तरी." मग ही पोर फ्रॉकच्या बाहीने डोळे पुसायला लागली.

ऊन फार आहे. वारा ईशान्येचा.

३० जुलै, शुक्रवार

झोराइदाने कुंपणाशी बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाली, "एवेलिओ, डांबर कोण विकत घेतंय म्हणून चौकीवाले विचारत फिरतायत. तुझ्या घरात सगळं ठीक आहे ना?"

"माझ्या घरात लग्न आहे," मी म्हणालो. "डांबर लावून लग्न करतात का कोणी?"

"तू एकदा मुलीशी बस. नीट बोल."

"तू तुझी कमिटी सांभाळ, मी माझी मुलगी सांभाळतो."

नंतर वाटलं, बसावं. यामिल्काच्या दारापर्यंत गेलो. आत ती पेटी भरत होती, पाठमोरी. काय विचारायचं होतं ते मला नेमकं माहीत नव्हतं, आणि उत्तर मिळालं असतं तर काय केलं असतं तेही नाही. परत आलो.

३१ जुलै, शनिवार

लग्न झालं.

रिवाजाप्रमाणे बॉनेटवर नवरीच्या झग्यातली बाहुली बांधली. मी चालवली, जीव मुठीत धरून, दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. लोकांना वाटलं, म्हातारा मिरवतोय. इंजिनाने एकदाही कुरकुर केली नाही. समुद्रकाठी आलो तेव्हा हॉर्न दाबून धरला, लोक गॅलरीतून हात हलवत होते.

केक कापायच्या आधी यामिल्काने मला एका बाजूला नेलं. हातात कागदाची गुंडाळी. उघडली तर नवा पट्टा. खऱ्या कातड्याचा. तिने आपलं घड्याळ देऊन आणलेला. "सुतळी बांधून फिरू नकोस हं बाबा," म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने कमरेला बांधला.

तेव्हा मला ब्रह्मांड आठवलं. सांगणार होतो, देवाशप्पथ. "यामी," म्हटलं, "त्या इंजिनाला फार..." तेवढ्यात ओस्निएलचे दोन दोस्त आले, तिला नाचायला ओढून नेलं.

पाच वाजता दोघं गाडीत बसली. ओस्निएल म्हणाला, एक फेरी मारून गाडी दारात सोडतो, मग बसने सांता क्लारा शहरातल्या हॉटेलात, तीन दिवस. मी खिडकीत वाकून सांगितलं, "हळू चालव. पाय दाबू नकोस."

"मेस्त्री, तुम्ही म्हणालात हवानापर्यंत."

"म्हणालो, पण आज हळू."

यामिल्काने खिडकीतून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. सोडेचना. मागचे लोक ओरडायला लागले तेव्हा सोडला.

१ ऑगस्ट, रविवार

रात्री रमच्या नशेत बघितलंच नाही, सकाळी दारात गाडी नव्हती. म्हटलं, तरणी पोरं, नेली असेल हॉटेलापर्यंत, वाटेत इंजिन फुटून बसली असतील आणि मला शिव्या देत असतील. आता खोटं उघडं पडणार, ह्याचीच काळजी. हे सगळं खरं लिहितोय.

दहाला कोळसेवाला आला. "तुमची हिरवी गाडी तिकडे खारफुटीत उभी आहे. बॉनेट उघडं."

सायकलवरून गेलो. कोळसेवाल्यांच्या वाटेने अगदी पाण्यापर्यंत चाकांचे ठसे. गाडी उभी, बाहुली तशीच बांधलेली, आणि आत इंजिनाच्या जागी जमीन दिसत होती. चार बोल्ट ओळीत मांडून ठेवलेले. चिखलात मोठं काहीतरी ओढत नेल्याची खूण, वेल्डिंगच्या जळक्या काड्या, डांबराचा रिकामा डबा.

सीटवर चिठ्ठी. "बाबा, आईकडे चाललोय. आम्ही चौघं आहोत, बोट मजबूत आहे. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस. पोचल्यावर झोराइदाकडे फोन करीन. गोळ्या वेळेवर घे."

तिथेच फुटबोर्डवर बसलो. खारं पाणी, कललेलं इंजिन, सलग तास, चाळीस लिटर. सगळं मलाच विचारलं होतं त्याने, तोंडावर. मी आंधळा नव्हतो. मला बघायचं नव्हतं.

हिशेब यायला वेळ लागला नाही. पूर्ण जोरात, भरलेली बोट ढकलत, कातडं दोन तास. चरबी चांगली मुरली असेल तर चार. नंतर रॉड बाहेर. तेव्हा ती पोरं किनाऱ्यासमोरच्या बेटांच्या पलीकडे, उघड्या समुद्रात असणार, आणि वारा ईशान्येचा, समोरून येणारा.

चौकी तिथून अर्ध्या तासावर आहे. मी अकरापासून तीनपर्यंत त्या फुटबोर्डवर बसून राहिलो.

कळवलं तर पकडून आणतील, ओस्निएलला तुरुंग, तिची शाळेतली नोकरी जाईल, ती माझं तोंड बघणार नाही. नाही कळवलं तर कदाचित पोचतील. कदाचित दुसरी कुठली बोट उचलेल. असं घोळवत बसलो. पण वही खोटी लिहायची नाही. तुरुंगाच्या भीतीइतकीच त्या पट्ट्याचीही लाज होती. चौकीवर जाऊन ते शब्द उच्चारायचे होते मला. त्यात चार तास गेले.

चारला झोराइदाच्या दारात. तिच्याकडे फोन आहे. म्हणालो, "चौकीला लाव. यामिल्का समुद्रात आहे."

ती जागची हलली नाही. "मला महिन्याभरापासून माहीत आहे," म्हणाली. "पिंप मोजले नाहीत का मी? वर काही कळवलं नाही. म्हटलं, जाऊ दे लेकराला आईकडे. आणि आज तू, तिचा बाप, कळवणार?"

"इंजिन टिकणार नाही."

"तूच म्हणालास ना सगळ्या गावाला..."

"खोटं बोललो. आत कातडं आहे. माझा पट्टा आहे आत, झोराइदा!"

तिने तोंडावर हात ठेवला. मग फोन उचलला. लेफ्टनंटने सगळं लिहून घेतलं, शेवटी विचारलं की हे सकाळीच का नाही सांगितलं.

२ ऑगस्ट, सोमवार

गस्तीची बोट काल सूर्यास्तापर्यंत आणि आज दिवसभर फिरली. काही नाही. लाटा मोठ्या आहेत. मी कठड्यावर होतो. झोराइदा डब्यातून काळ्या घेवड्याची उसळ आणि भात घेऊन आली, मी खाल्लं नाही, तिनेही नाही.

४ ऑगस्ट, बुधवार

काही नाही. गस्तीवाल्यांनी आज बोट बाहेर काढली नाही. लेफ्टनंट तरुण आहे, मला "काका" म्हणाला. म्हणाला, सापडले नाहीत म्हणजे पोचलेही असतील, इंजिनं कधीकधी आपल्याला चकवतात. चार नंबरचा रॉड मला चकवेल का? मी त्याला हो म्हणालो, बिचाऱ्याला तेवढंच बरं वाटावं.

डॉमिनोवाले मला बघून गप्प होतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी नऊला झोराइदाने कुंपणावरून हाक मारली. "एवेलिओ! तिकडचा फोन!"

कुंपण ओलांडलं की दारातून गेलो, आठवत नाही. रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणालो, "यामी?"

"मी नेरेइदा."

तेरा वर्षांनी. आवाज जराही बदललेला नाही.

"पोचली?" मी विचारलं.

"तेच तुला विचारायला केला," ती म्हणाली. "निघाले का ते? एकतीसला निघणार असं पत्र होतं. तीन दिवस झाले, रोज किनाऱ्यावर जातेय. वारा बघून थांबले असतील ना? थांबले असतील तर सांग, मी तशी घरी जाईन."

"निघाले."

"कधी?"

"एकतीसलाच."

मग ती बोलायला लागली, भराभर, स्वतःलाच समजावल्यासारखी. "मग लांबून वळसा घेऊन येत असतील. आधी मला फार भीती वाटत होती. पण तिने लिहिलं, ‘आई, इंजिन बाबाने स्वतः बांधलंय, म्हणून मी तयार झाले, नाहीतर आलेच नसते.’ आपलं काहीही असलं तरी इंजिनाच्या बाबतीत तू कधी खोटं बोलला नाहीस. बोल एवेलिओ. किती चालेल ते?"

झोराइदा माझ्याकडे बघत होती.

"तीन किलोमीटर," मी म्हणालो.

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग पट्ट्याचं सांगितलं, अठरा जुलैला ओस्निएलशी खोटं बोललो ते सांगितलं, त्या चार तासांचंही सांगितलं. मला वाटलं, लाइन कापली गेली.

"तिला माहीत होतं?" तिने शेवटी विचारलं.

"नाही. तिला काही माहीत नव्हतं."

"म्हणजे इंजिन बंद पडलं तेव्हा तिला वाटलं असेल, त्यांच्याच हातून काहीतरी चुकलं."

फोन तिनेच ठेवला. झोराइदाने खुर्ची पुढे केली, पण मी उभाच राहिलो.